मंगलाबाईचा सतरावा दहावा

माणूस गेलं की दहाव्या दिवशी त्याचा दहावा होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नाशकातल्या तांबट आळीत राहणाऱ्या सावळीरामच्या बायकोचा दहावा मात्र दहाव्या दिवशी सुरू झाला आणि पुढे दोन आठवडे उलटले तरी संपेना. यात त्या बाईचा काही दोष नव्हता. ती बिचारी हयातभर सगळं वेळच्या वेळी करत आली होती.

मंगलाबाईला दिसायचं. डोळ्यांनी काय, सगळ्यांनाच दिसतं. तिला हरवलेलं दिसायचं. तुम्ही विचारायचं, ती क्षणभर भिंतीकडे बघायची आणि सांगून मोकळी व्हायची. "नथ पिठाच्या डब्यात आहे. नवरा मालेगावला आहे, पण तो हरवलेला नाही, गेलेला आहे." अंगात येणं नाही, लिंबू नाही, धूप नाही. शेजारणीने वाटीभर मीठ द्यावं तशी ती उत्तर द्यायची, आणि म्हणून लोकही मीठ मागायला यावं तसे कधीही यायचे. त्यातही जेवणाची वेळ हटकून साधायचे, कारण त्या वेळी माणूस घरी सापडतं.

बावीस वर्षांच्या संसारात सावळीरामने बायकोला एका बैठकीत जेवताना पाहिलं नव्हतं. एक घास घेतला, की दारात हाक. "मंगलाबाई, माझी शेळी हो!" उष्टा हात तसाच धरून ती दारात जायची, शेळी सांगायची, पानावर येऊन बसायची. दुसरा घास, की कुणाचा बैल. एकदा सावळीराम तिरमिरीने दाराला कडी घालायला उठला, तर म्हणाली, "राहू द्या हो. बाहेर कुणीतरी उभं आहे हे ठाऊक असलं की घास उतरत नाही."

आता लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण सगळ्यात जास्त विचारणारा सावळीराम स्वतःच होता. भांड्यावर शेवटचे बारीक ठोके घालायची त्याची एक लहान हातोडी होती, आणि ती रोज संध्याकाळी कुठेतरी ठेवून विसरणं हा त्याचा जोडधंदा होता. रोज सकाळी तो म्हणायचा, "अगं, हातोडी?" आणि चुलीवरून मान न काढता ती म्हणायची, "तुळशीमागे." किंवा, "तुमच्या हातात."

पौषात तिला ताप भरला. सहाव्या दिवशी तिने त्याला जवळ बोलावलं.

"अहो, एक सांभाळाल का?"

"सांग ना."

"मेल्यावर तरी मला कुणी काही विचारू नये."

"काहीतरीच! मेलेल्या माणसाला कोण विचारतं?"

ती नेहमीसारखी क्षणभर भिंतीकडे बघत राहिली आणि मग तिने मोठा सुस्कारा सोडला. "तरी शब्द द्या."

त्याने दिला. तिने भिंतीत काय पाहिलं असेल ते त्याला दहाव्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली, आणि त्याच दिवसापासून हातोडीही दिसेना.

दहाव्याला रामकुंडाशी मंडळी जमली. पंचवटीचे कावळे म्हणजे साधे कावळे नव्हेत. दिवसाकाठी वीसपंचवीस पिंड त्यांच्यासमोर येतात, त्यामुळे त्यांच्या अंगी मोठ्या घरच्या जावयाचा रुबाब असतो. गुरुजींनी पिंड मांडला, सगळे मागे सरले. एका पायाने जरा अधू असा एक कावळा भिंतीवर येऊन बसला, त्याने पिंडाकडे पाहिलं, आणि तो बसूनच राहिला.

बाईची काहीतरी इच्छा राहिली, हे उघड झालं. सावळीराम हात जोडून पुढे झाला. "तुझी तुळस वाळू देणार नाही." कावळा ढिम्म. "तुझ्या आईला वर्षाचं लुगडं पाठवीन." कावळ्याने पंख खाजवला. "तुझ्या भावाशी भांडणार नाही."

"दाजी, हे तिला खरं वाटायचं नाही," शेजारी उभा असलेला तिचा भाऊ म्हणाला. "दुसरं काहीतरी बोला."

या भावाचं नाव देवराम. नाशिक रोडच्या स्टेशनावरून यात्रेकरूंना पंचवटीत आणणारा टांगेवाला. ट्राम बंद पडल्यापासून त्याच्या घोड्याला बरे दिवस आले होते, त्याला स्वतःला मात्र आले नव्हते. जन्मभर लोक त्याला 'मंगलाबाईचा भाऊ' म्हणत आले होते, आणि आता लोक आपल्याला काहीच म्हणणार नाहीत, या धास्तीने तो दहा दिवसांत निम्मा झाला होता.

गुरुजी तरुण होते, त्यांना पुढे आणखी दोन दहावे उरकायचे होते. त्यांनी कंटाळून पिशवीतून दर्भ काढला. कावळा येतच नसेल तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि मोकळे होतात, अशी रीतच आहे.

"गवताचा कावळा?" देवराम कडाडला. "माझी बहीण आहे ती! तिला गवतावर वाटेला लावता?"

एवढ्यात मखमलाबादचा पुंजा, जो घाटाच्या पायरीवर बसला होता, तो शेजाऱ्याजवळ हळहळला. त्याची म्हैस चार दिवस बेपत्ता होती. "बाई असती तं इचारलं असतं रं. म्हस गंगापूरच्या अंगाला गेली, का आडगावला..."

'आडगावला' म्हणायला आणि कावळा खाली यायला एकच गाठ पडली. त्याने पिंडाला एकदा चोच लावली आणि तो उडून गेला.

"शिवला!" सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुंजा मात्र श्वास न सोडता आडगावकडे धावत सुटला. संध्याकाळी तो म्हैस घेऊनच तांबट आळीत आला. म्हशीच्या कपाळाला गुलाल होता.

देवराम ती म्हैस बराच वेळ न्याहाळत होता. मग तो उठून तडक गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, कावळा शिवला, पण कशाला शिवला?"

"म्हणजे?"

"बाईच्या इच्छेला शिवला, का म्हशीला?"

गुरुजींनी विचार केला. आपल्या काकांच्या पोथ्या काढल्या, चाळल्या. शास्त्रात म्हशीचा उल्लेख नव्हता. "म्हशीला," ते शेवटी म्हणाले.

"म्हणजे तो स्पर्श म्हशीकडे गेला. माझ्या बहिणीचा राहिलाच."

"तसं... दिसतं खरं."

"मग उद्या परत दहावा."

याला नाही म्हणावं असं पोथीत काही सापडेना.

दुसऱ्या दहाव्याला वीस माणसं आली, तिसऱ्याला शंभर. पाचव्याला येवल्याहून एक विणकर आला, त्याच्या पैठणीचा नमुन्याचा तुकडा गहाळ झाला होता. रोज एक पिंड मांडला जायचा, लोक एकामागून एक विचारायचे, होकार असेल तर कावळा उतरून एक चोच मारायचा आणि पुन्हा भिंतीवर जायचा. रोज शेवटी गुरुजी हिशेबी चेहऱ्याने म्हणायचे, "आजचेही सगळे स्पर्श लोकांकडेच गेले," आणि देवराम म्हणायचा, "मग उद्या."

त्याने रांग लावली. रांगेला शिस्त लावली. "नीट विचारा! 'कुठं आहे' असं विचारायचं नाही, कावळ्याला बोलता येत नाही. 'अमुक ठिकाणी आहे का' असं विचारायचं. आणि एकाने एकच विचारायचं." एका म्हाताऱ्याने विचारलं, "माझी मुलं मला सांभाळतील का?" कावळा उडून नदीच्या पलीकडे जाऊन बसला. एकाने पुष्कळ विचार करून विचारलं, "मी काही विचारू का?" कावळा शिवला. त्याचा नंबर संपला.

दक्षिणा देवराम घेत नसे. नारळ तेवढे घ्यायचा. त्याच्या घरात नारळ मावेनात म्हणून त्याने ते सावळीरामच्या पडवीत रचले. आळीत आमटीत नारळ, भाजीत नारळ, भाकरीवर नारळ सुरू झाला. टांग्याचा घोडाही एकदा खोबरं खाताना दिसला, पण त्याच्या तोंडावर समाधान नव्हतं.

समाधान नव्हतं ते सावळीरामला. दहावा संपत नाही म्हणजे सुतक संपत नाही, आणि सुतक संपत नाही म्हणजे काम नाही, वहाण नाही, देऊळ नाही. रोज दहावा म्हणून रोज क्षौर. डोक्यावर केस उगवायची हिंमत करत नव्हते, तरी न्हावी रीत म्हणून वस्तरा फिरवून जायचा. त्याचा चुलतभाऊ नाथा याचं लग्न दोनदा पुढे गेलं होतं, आणि नाथा आता सावळीरामकडे असा बघायचा की जणू बायको नाथाचीच मेली आहे.

पण यातलं काही नाही, त्याला शब्द खात होता. घाटावर प्रत्येक प्रश्न त्याच्या कपाळावर ठोक्यासारखा बसायचा. घरी यावं तर हात स्वस्थ बसत नसत. तांबटाच्या हाताला काम नसलं की तो आपलं आपण काम शोधतो. सावळीरामचे हात गुडघ्यावर, उंबऱ्यावर, नारळांवर ठोके घालत बसायचे. ते थांबावेत म्हणून तो उठायचा आणि पूल ओलांडून पंचवटीत जायचा, तिथे करायचं काही नाही म्हणून परत यायचा, पुन्हा जायचा. पायांतही हातोडी शिरली होती. आणि खरी हातोडी काही केल्या सापडत नव्हती. रोज घाटावर उभं राहिलं की जिभेच्या टोकावर यायचं, 'अगं, हातोडी?' तो ओठ दाताखाली धरायचा. खालचा ओठ सुजला होता.

अकराव्या दहाव्याला त्याने देवरामला गाठलं.

"देवराम, हे बंद कर. तिने मरताना सांगितलं होतं, मला कुणी काही विचारू नये."

"तुम्हाला सांगितलं होतं, दाजी. मला नाही."

"तुझी सख्खी बहीण रे ती!"

"मग? मी कुठं विचारतोय? लोक विचारतात. मी फक्त रांग लावतो." मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आणि तिला नको असतं, तर ती आली असती का? जिवंतपणी तरी तिने कधी कुणाला नाही म्हटलं?"

वाईट म्हणजे, देवरामचं म्हणणं खरं होतं.

तांबट आळीच्या तोंडाशी शफी कल्हईवाला बसायचा. सावळीराम भांडी घडवायचा, शफी त्यांना कल्हई करायचा. वीस वर्षांत दोघांचं भांडण झालं नव्हतं, कारण ठोक्यांच्या आवाजात एकाचं दुसऱ्याला ऐकूच जात नसे. आता हातोड्या थंड असल्यामुळे पहिल्यांदाच बोलणं झालं.

"सावळीराम, एक बोलू? राग नको मानू." शफीने भाता थांबवला. "आमच्यात कबरीत दोन फरिश्ते येतात. सवाल करतात. एकदाच. मग माणसाला निजू देतात. तुझ्या घरवालीला रोज दोनशे?"

"काय करू सांग. देवराम ऐकत नाही. लोक हटत नाहीत."

"लोकांना हटवणं काय अवघड?" शफीने समोरचं पातेलं उपडं केलं. "हे बघ. आलंय वकिलाच्या घरून. तळावर नाव कोणाचं? पुसून टाकलंय, पण वाचता येतं. हा तांब्या बघ, ही परात बघ. लग्नाकार्याला मागून नेलेलं कोण परत देतो? अख्ख्या नाशकात एक घर नाही जिथं दुसऱ्याच्या नावाचं भांडं नाही. मी कल्हई लावतो आणि गप बसतो. गप बसलो म्हणून तर धंदा चालतो!" तो हसला आणि पुन्हा भाता ओढू लागला.

सावळीरामने पातेल्याच्या पुसलेल्या नावावरून अंगठा फिरवला. त्यातली निम्मी नावं त्याने स्वतःच कोरली होती.

सोळाव्या दहाव्याला सिन्नरची एक बाई विचारत होती, हरवलेली पाटली माहेरी राहिली का. कावळा उतरला. एक चोच. मान वर. आणि उडाला. पुढचा माणूस: गाय मोहाडीला आहे का? कावळा उतरला. एक चोच. मान वर.

सावळीरामचे हात ठोके घालायचे थांबले. सोळा दिवसांत पहिल्यांदा ते स्वस्थ झाले.

एक घास, की उठली. एक घास, की उठली. तो कावळा पिंडाला शिवत नव्हता. तो जेवायला बसत होता आणि उष्टी चोच घेऊन दाराकडे जात होता. सोळा दिवसांत त्याच्या पोटात एक सलग जेवण तरी गेलं असेल का कोण जाणे. शास्त्राला वाटत होतं तिची काहीतरी मोठी इच्छा राहिली आहे. तिला जेवायचं होतं, बस.

घाटाला दार नसतं, म्हणून कडी घालण्याची सोय नव्हती. सावळीराम घरी जाऊन नारळांच्या ढिगावर बसला आणि त्याने बराच विचार केला. त्या दिवशी तो पुन्हा पुलावर गेला नाही.

सतराव्या दहाव्याला घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पिंड मांडला गेला, तसा सावळीराम पुढे झाला. "आज पहिलं मी विचारणार. माझा मान आहे."

देवरामचा चेहरा फुलला. "ऐका हो, ऐका! दाजी विचारतायत! सरका, दाजींना वाट द्या!"

ठोक्यांत आयुष्य गेलेल्या माणसाचा आवाज मुळातच मोठा असतो. सावळीरामने तो आणखी चढवला. "आज मी इथं उभ्या असलेल्या सगळ्यांची नावं एकेक करून घेणार आहे. ज्याच्या घरी दुसऱ्याच्या नावाचं भांडं आहे, त्याच्या नावाला कावळा शिवेल. कुणाचं भांडं, ते मी सांगेन. नावं मीच कोरली आहेत." त्याने गर्दीवर सावकाश नजर फिरवली. "तर पहिलं नाव..."

घाट असा शांत झाला की रामकुंडातलं पाणी ऐकू आलं.

"अगंबाई, माझं दूध चुलीवर राहिलं!" सिन्नरची बाई म्हणाली. सिन्नर अठरा मैल. ती धावत सुटली. मग वकिलाला कोर्ट आठवलं, त्या दिवशी रविवार होता. येवल्याच्या विणकराला माग आठवला. पुंजाला म्हैस आठवली, जी घरीच होती. बायका पोरांना ओढत, पुरुष बायकांना ओढत, पायऱ्या चढून निघाले. रांग जशी शिस्तीत लागली होती तशी शिस्तीत मोडली. गुरुजींनी आपल्या पंचपात्रीचा तळ हळूच धोतराच्या सोग्याने झाकला. "मंत्र... झालेत तसे," एवढं म्हणून तेही निघाले.

देवराम तेवढा राहिला. तो सावळीरामकडे बघत होता, सावळीराम त्याच्याकडे.

"दाजी, तो हंडा मी परत करणारच होतो."

"कुठला हंडा?"

देवराम पायऱ्यांकडे वळला. "घोड्याला पाणी पाजायचंय," तो म्हणाला आणि गेला.

पलीकडच्या पायरीवर शफी पोट धरून हसत बसला होता. हसणं आवरल्यावर तोही उठला. "मी पण जातो बाबा. माझ्या घरी तर सगळ्यांचीच भांडी असतात."

घाट रिकामा झाला. नदीही निघाली होती, पण ती नेहमी निघालेलीच असते.

सावळीराम पिंडापासून चार हात दूर बसला. कावळा भिंतीवरच होता. वेळ गेला. कावळा येईना. सावळीरामच्या बोटांनी गुडघ्यावर एक ठोका घातला. त्याने ती मुठीत दाबून धरली. शब्द मोडला का आपण? विचारलं तर नव्हतं, विचारतो एवढंच म्हटलं होतं. असल्या बारकाव्यांना मंगला फसायची नाही.

आणि आता कुणीच नव्हतं. ऐकायला कुणी नाही, रांग नाही, देवराम नाही. एक शब्द, रोजचाच. बावीस वर्षं विचारलेला.

"अगं..." तो म्हणाला. अगदी सकाळचाच सूर लागला.

भिंतीवर कावळा ताडकन उभा राहिला. मान तिरकी करून, सांगायला तयार.

सावळीरामच्या घशाशी हातोडी आली होती. त्याने ती गिळली. ती खाली जाताना दुखली.

"काही नाही," तो म्हणाला. "बाहेर कुणी नाही. जेव."

कावळा थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग उतरला. अधू पायाने दोन उड्या मारत पिंडाजवळ आला, एक चोच मारली आणि सवयीने मान वर करून पायऱ्यांकडे पाहिलं. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. त्याने दुसरी चोच मारली. पुन्हा पाहिलं. तिसरी मारली. मग मात्र त्याने पाहायचं सोडलं आणि खाली मान घालून तो सावकाश जेवू लागला. मध्येच थांबला, पाण्याकडे गेला, चोच बुडवून परत आला आणि पुन्हा बसला. सावळीराम दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून बघत होता. शीत अन् शीत संपलं तेव्हा कावळ्याने दगडावर चोच एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने पुसली आणि तो उडाला. भिंतीवर बसला नाही.

सावळीराम आंघोळ करून घरी आला. दुसऱ्या दिवशी अकरावा होता. पडवीतले नारळ त्याने बाजूला सारले, आणि तो हातोडी शोधायला लागला. शोधायला कुठून सुरुवात करतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.